घरातला एसी का बिघडतो?

घरगुती वातानुकूलन यंत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसी, हे मुळात उष्णता वाहून नेणारे यंत्र आहे. उष्णता आपणहून गरम ठिकाणाकडून थंड ठिकाणाकडे जाते. ती पंचवीस अंशांच्या खोलीतून चाळीस अंशांच्या अंगणात पाठवायची असेल, तर विहिरीतले पाणी वर चढवायला जसा पंप लागतो तशी इथेही बाहेरून शक्ती खर्च करावी लागते. ही शक्ती विजेवर चालणारा कॉम्प्रेसर पुरवतो. खोलीतली हवा, नळ्यांमधला गॅस, हवेतून निघालेले पाणी आणि तारांमधली वीज या चार गोष्टी आपापल्या मार्गाने विनाअडथळा वाहत राहिल्या, तर असे यंत्र दहा-बारा वर्षे सहज काम देते. त्यांपैकी एकीची जरी वाट अडली, तरी तक्रारी सुरू होतात, आणि या तक्रारींपैकी पुष्कळशा यंत्राच्या वयामुळे उद्भवत नाहीत. त्या दुर्लक्षातून किंवा यंत्र बसवण्याच्या दिवशीच झालेल्या चुकीतून येतात.

यंत्राच्या बंद नळ्यांमधून जो पदार्थ फिरतो त्याला शास्त्रीय भाषेत प्रशीतक आणि व्यवहारात नुसते ‘गॅस’ म्हणतात. भिंतीवरच्या इनडोअर युनिटमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमधून ओवलेल्या तांब्याच्या नळ्यांचा जो संच असतो, त्याला कॉइल असे नाव आहे. या कॉइलमध्ये कमी दाबाखाली असलेले द्रवरूप प्रशीतक साधारण ५ ते १० अंश सेल्सिअसला उकळते आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून शोषून घेते. तयार झालेली वाफ जाड नळीने बाहेरच्या आउटडोअर युनिटकडे जाते, तिथे कॉम्प्रेसर तिला दाबून बाहेरच्या हवेपेक्षाही गरम करतो, आणि मग आउटडोअरच्या मोठ्या कॉइलवरून पंखा हवा फिरवतो तेव्हा ती वाफ आपली उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. हा दाबाखालचा द्रव केशनलिकेतून किंवा बारीक छिद्राच्या झडपेतून पुढे सोडला की त्याचा दाब एकदम उतरतो, तो थंडगार होतो आणि पुन्हा आतल्या कॉइलमध्ये शिरतो. फेरा इतकाच आहे. पण तो नीट ध्यानात घेतला, तर जवळपास प्रत्येक बिघाडाचे कारण तर्काने शोधता येते.

पहिली आणि सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘एसी चालतो, पण थंड करत नाही’. तिचे सर्वांत सामान्य कारण सर्वांत स्वस्तही असते, आणि ते म्हणजे धुळीने भरलेली जाळी. इनडोअर युनिटचे झाकण उचलल्यावर दिसणारी प्लॅस्टिकची जाळी, म्हणजे फिल्टर, खोलीतली धूळ, कपड्यांचे तंतू, उदबत्तीची काजळी आणि एकाच खोलीत स्वयंपाक होत असेल तर फोडणीच्या धुरातला तेलकटपणाही अडवून धरते. जाळी भरली की कॉइलवरून जाणारी हवा कमी होते. हवा कमी म्हणजे कॉइलला मिळणारी उष्णता कमी, आणि उष्णता कमी मिळाली की कॉइलचे तापमान उतरत उतरत शून्याखाली जाते. मग हवेतल्या बाष्पाचा तिच्यावर बर्फ होतो, हा बर्फ उरलीसुरली हवाही अडवतो, आणि यंत्र जितके जास्त चालवावे तितके ते कमी थंड करते. पुढचे नुकसान याहून मोठे असते. कॉइलमध्ये न उकळलेले द्रवरूप प्रशीतक तसेच कॉम्प्रेसरकडे परत जाऊ शकते, आणि वायू दाबण्यासाठी घडवलेल्या कॉम्प्रेसरला द्रव सोसत नाही. म्हणजे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा साध्या पाण्याखाली धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा बसवता येणारी जाळी राहून गेली, तर यंत्रातला सर्वांत महागडा भाग धोक्यात येतो. पुण्या-मुंबईत सतत कुठे ना कुठे बांधकाम चालू असते. तिथे पंधरा दिवसांचा अवधीही कधी कधी जास्त ठरतो.

जाळी सगळीच धूळ अडवू शकत नाही. जी बारीक धूळ तिच्यातून निसटते ती ओलसर कॉइलवर आणि तिच्या मागच्या लांबट पंख्याच्या पात्यांवर चिकटते, तिच्यावर बुरशी वाढते आणि यंत्र सुरू करताच कोंदट, आंबूस वास येतो. हा थर घरच्या घरी निघत नाही. त्यासाठी दाबाच्या पाण्याने धुण्याची, कारागिरांच्या भाषेत ‘जेट सर्व्हिस’ची, गरज असते. हे काम करवून घेताना कॉइल स्वच्छ करण्यासाठी कोणते रसायन वापरले जाते आहे हे विचारावे, कारण आम्लधर्मी रसायनाने ॲल्युमिनियमची पाती चटकन चमकतात खरी, पण ती झिजतात आणि पुढच्या वर्षी आणखी लवकर खराब होतात. वास येऊ नये यासाठी एक साधा उपाय आहे: यंत्र बंद करण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे ते नुसत्या पंख्यावर चालवावे, म्हणजे कॉइल कोरडी होते आणि बुरशीला लागणारा ओलावाच उरत नाही.

दुसरी तक्रार भिंतीवर ओघळणाऱ्या पाण्याची. वातानुकूलनाचा इतिहासच मुळी हवेतल्या ओलाव्याशी जोडलेला आहे. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर या अमेरिकी अभियंत्याने न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन इथल्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा हेतू माणसांना गारवा देण्याचा नव्हता. दमट हवेत कागद फुगून-आकसून रंगछपाई बिघडत होती, ती सावरण्यासाठी हवेतला ओलावा आटोक्यात आणायचा होता. आजचा घरगुती एसीही थंड कॉइलवर हवेतले बाष्प द्रवरूप करून बाहेर काढतो, आणि मुंबईसारख्या दमट हवेत दीड टनाचे यंत्र तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढते. हे पाणी कॉइलखालच्या तबकात साठते आणि तिथून एका नळीने केवळ उताराच्या जोरावर बाहेर जाते. ही नळी म्हणजेच ड्रेन पाइप. तिच्यात शेवाळासारखा बुळबुळीत थर साचला, तिला मध्येच झोळ पडला, तिचे टोक बाहेर बादलीतल्या पाण्यात बुडलेले राहिले किंवा इनडोअर युनिट बसवतानाच तबकाचा उतार उलट्या बाजूला गेला, तर पाणी तबक ओलांडून खोलीत उतरते. बर्फ झालेली कॉइल यंत्र बंद केल्यावर वितळते तेव्हाही असेच होते. म्हणून गळते पाणी पाहून थेट नळी बदलण्याआधी जाळी आणि कॉइल पाहावी. वर्षातून दोनदा नळीत पाणी सोडून ती मोकळी आहे याची खात्री करणे, आणि यंत्र बसवताना तबकात तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का हे कारागिरासमोरच पाहणे, इतके केले तरी ही तक्रार बहुधा उद्भवत नाही.

आता गॅसविषयी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण घरगुती एसीच्या संदर्भात ग्राहकाचा सर्वांत जास्त पैसा जर कुठे वाया जात असेल, तर तो इथे. ‘गॅस संपला आहे, भरावा लागेल’ हे वाक्य दर उन्हाळ्यात असंख्य घरांत ऐकू येते आणि ते गाडीतल्या पेट्रोलच्या हिशेबाने स्वीकारले जाते. वस्तुतः प्रशीतक पेट्रोलसारखे इंधन म्हणून जळत नाही, वापरले जात नाही आणि कमीही होत नाही. ते बंद नळ्यांमध्ये फिरते, उकळते आणि पुन्हा द्रव होते. यंत्र निर्दोष असेल तर कारखान्यात भरलेले प्रशीतक त्याच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत पुरते. ते कमी झाले असेल तर त्याचा अर्थ एकच, की कुठेतरी गळती आहे. ती गळती न शोधता वरून गॅस भरला, तर तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत किंवा पुढच्या महिन्यापर्यंतच टिकतो.

शिवाय गॅस कमी आहे हे निदानही पुष्कळदा घाईचे असते. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो, दाबाबरोबर उकळण्याचे तापमान उतरते आणि कॉइलवर बर्फ जमतो. पण जाळी भरली असतानाही बर्फच जमतो. फरक असा, की गॅस कमी असेल तर बर्फ बहुधा द्रव प्रशीतक आत आणणाऱ्या बारीक नळीच्या जोडाजवळ आणि कॉइलच्या सुरुवातीच्या भागातच धरतो, बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट राहते. उलट हवा अडली असेल तर बर्फ जवळजवळ सगळ्या कॉइलवर पसरतो आणि जाड नळीपर्यंत पोचतो. घरच्या माणसालाही एक ढोबळ पारख करता येते. जाळी स्वच्छ करून यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावे आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान साध्या तापमापकाने पाहावे. दोहोंत आठ ते बारा अंशांचा फरक असेल, तर गॅसवर संशय घेण्याचे सहसा कारण नाही आणि खोली थंड होत नसेल तर दोष अन्यत्र शोधावा.

गळती खरोखरच असेल, तर ती दुरुस्त करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. उरलेले प्रशीतक हवेत न सोडता काढून घ्यावे, नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन दाबाखाली भरावा, जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे, छिद्र सापडले की ते जोडावे, पुन्हा दाब देऊन तो टिकतो का ते तपासावे, मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा पूर्णपणे ओढून घ्यावा, आणि शेवटी यंत्रावरच्या पट्टीवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते तितकेच प्रशीतक वजनकाट्यावर मोजून भरावे. यातला व्हॅक्यूमचा टप्पा वेळखाऊ असल्याने सर्रास गाळला जातो आणि त्याऐवजी थोडा गॅस सोडून नळ्यांतली हवा ढकलून काढली जाते. ही पद्धत सपशेल चुकीची आहे. नळ्यांत राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करतो, ते आम्ल मोटरच्या वेटोळ्यांवरचे आवरण खाते, आणि वर्ष-दोन वर्षांनी कॉम्प्रेसर जळतो तेव्हा त्याचा संबंध त्या वाचवलेल्या अर्ध्या तासाशी कोणीही लावत नाही. दाब देण्यासाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरणे तर थेट प्राणघातक आहे, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनचा तेलाशी संपर्क आल्यास स्फोट होऊ शकतो.

प्रशीतकांच्या प्रकारांची ओळखही ग्राहकाला असावी. जुन्या यंत्रांमध्ये आर-२२ असे. त्याने वातावरणातल्या ओझोनच्या थराला हानी पोचत असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानुसार ते टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. त्यानंतर आलेले आर-४१०ए हे ओझोनला निरुपद्रवी असले, तरी उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट प्रभावी आहे. आज भारतातल्या बहुसंख्य नव्या यंत्रांत आर-३२ असते. त्याचा हाच प्रभाव ६७५ पट धरला जातो, म्हणजे पाऊण किलो आर-३२ हवेत सोडून देणे हे सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. अशा प्रशीतकांचा वापर घटवण्यासाठी २०१६ मध्ये मॉन्ट्रिअल करारात किगाली दुरुस्ती झाली आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर काही यंत्रांत वापरले जाणारे आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन असल्याने ते स्वयंपाकाच्या गॅसइतकेच पेट घेणारे आहे. म्हणून एका प्रशीतकाच्या यंत्रात दुसरे भरू नये, दुरुस्तीच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि नळ्यांत गॅस असताना त्यांच्यावर ज्योत चालवू देऊ नये.

गळती कुठून होते, हा प्रश्न महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर विशेष महत्त्वाचा आहे. काही गळत्या बसवण्याच्या दोषातल्या असतात: तांब्याच्या नळीचे टोक कर्ण्यासारखे पसरवून त्यावर जो फ्लेअर नट आवळतात, तो सैल राहिला किंवा जास्त आवळून तांबे चिरले, तर तिथून प्रशीतक हळूहळू झिरपते. बाकीच्या गळत्या गंजण्याने होतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात. ते आउटडोअर कॉइलवर बसले की तांबे आणि ॲल्युमिनियम या दोन भिन्न धातूंच्या सांध्यात ओलाव्याच्या साहाय्याने विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि पाती भुगा होऊन गळू लागतात. रत्नागिरी, मालवण किंवा मुंबईचा पश्चिम किनारा इथल्या रहिवाशांनी संरक्षक लेप दिलेली कॉइल निवडावी आणि आउटडोअर कॉइल दर दोन-तीन महिन्यांनी गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुऊन घ्यावी. अर्थात त्या आधी यंत्राचा वीजपुरवठा बंद करायला हवा. उघडे नाले, गटारे आणि सांडपाणी वाहणाऱ्या खाड्या यांच्या काठी आणखी एक शत्रू असतो. तिथल्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड हा वायू तांब्याला आणि चांदीला काळे करतो, नळ्यांना सुईच्या टोकाएवढी छिद्रे पाडतो आणि इलेक्ट्रॉनिक पाटीवरचे जोडही खातो.

तिसऱ्या प्रकारचे गंजणे मात्र खोलीच्या आत घडते, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. नवे प्लायवूड, त्याला चिकटवणारे गोंद, रंग आणि काही स्वच्छताद्रव्ये यांच्यातून फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लांच्या वाफा निघतात. कॉइलवरच्या ओलाव्यात त्या विरघळल्या की तांब्यात मुंग्यांच्या वारुळातल्या वाटांसारखे अतिसूक्ष्म बोगदे तयार होतात, जे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. घराचे नूतनीकरण झाल्यावर वर्षभरात चांगल्या एसीचा गॅस गेला, तर हे कारण तपासून पाहण्याजोगे असते. फर्निचरचे आणि रंगाचे काम पूर्ण होऊन खोलीला काही आठवडे मोकळी हवा मिळाल्यावरच नवा एसी बसवणे यासाठी हिताचे आहे.

विजेचे बिघाड सांगताना जुना आणि नवा असा भेद करावा लागतो. जुन्या पद्धतीचा, एकाच वेगाने चालणारा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो किंवा पूर्ण थांबतो. वीजदाब कमी असला की त्याची मोटर तेवढेच काम करण्यासाठी जास्त प्रवाह खेचते आणि तापते. म्हणून उन्हाळ्याच्या संध्याकाळी जिथे २३० व्होल्टऐवजी १८०-१९० व्होल्टच मिळतात अशा गावांत आणि उपनगरांत त्याला स्टॅबिलायझर हवाच. यंत्र बंद पडल्यावर लगेच पुन्हा सुरू करू नये, कारण नळ्यांमधले दोन बाजूंचे दाब समान व्हायला सुमारे तीन मिनिटे लागतात आणि त्या आधी कॉम्प्रेसरला भरल्या दाबाविरुद्ध उठावे लागते. या यंत्रांतला नेहमीचा बिघाड कपॅसिटरचा असतो. मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा हा लहानसा डबा उष्णतेने फुगतो, आणि मग बाहेरचे युनिट नुसते गुणगुणते, पण चालू होत नाही. दुरुस्ती स्वस्त आहे. फक्त हा भाग वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवत असल्याने घरच्या माणसाने त्याला हात लावू नये.

इन्व्हर्टर एसीमध्ये कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो, त्यामुळे वीज वाचते आणि कमी-जास्त दाबही तो बऱ्याच प्रमाणात सोसतो. परंतु हे सारे ज्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर, म्हणजे पीसीबीवर, अवलंबून असते ती नाजूक आणि महाग असते. विजांच्या कडकडाटात तारांमधून येणारा क्षणिक उच्च दाब तिला जाळतो, आणि इमारतीची न्यूट्रल तार तुटली तर घरात २३० ऐवजी चारशे व्होल्टपर्यंत दाब येऊन ती क्षणात निकामी होते. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की यंत्र रिमोटने बंद करून न थांबता भिंतीवरचा मुख्य स्विच पाडणे हे साधे पथ्य आहे. आउटडोअर युनिटच्या उबेला येणाऱ्या पाली आणि मुंग्या पाटीवर शिरून दोन बिंदू जोडतात, हेही एक खरे आणि वारंवार घडणारे कारण आहे. युनिटची झाकणे नीट बसवलेली असणे आणि तारांची छिद्रे बुजवलेली असणे यासाठी आवश्यक असते. वायरिंगच्या बाबतीत मात्र तडजोड नसावी. दीड टनाचे यंत्र पूर्ण भारावर सात-आठ ॲम्पिअर प्रवाह तासन् तास ओढते, त्यामुळे त्याला मीटरच्या बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र तार, स्वतःचा एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग असावे. प्लगजवळ जळका वास येणे किंवा प्लॅस्टिक तपकिरी होणे ही आगीची पूर्वसूचना समजून यंत्र तात्काळ बंद करावे.

विदर्भातल्या उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. एसीची क्षमता ज्या प्रमाणित चाचणीत मोजतात, तिच्यात बाहेरचे तापमान ३५ अंश धरलेले असते. नागपूर, चंद्रपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, गच्चीवरच्या उन्हात ठेवलेल्या आउटडोअरभोवती तर त्याहून वर, आणि तेव्हा उष्णता बाहेर टाकणे यंत्राला कठीण होऊन त्याची प्रत्यक्ष क्षमता घटते व विजेचा खप वाढतो. दुपारी तीन वाजता यंत्र आपोआप थांबत असेल, तर तो बहुधा बिघाड नसून कॉम्प्रेसरला वाचवण्यासाठी केलेली योजना असते. आउटडोअरला उत्तरेची किंवा पूर्वेची सावली द्यावी, मात्र ती देताना त्याची हवा कोंडू नये. त्यावर खारे किंवा जड पाणी शिंपडत राहणे टाळावे, कारण क्षारांचा थर बसून कॉइल कायमची झाकली जाते. डेझर्ट कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी चालवण्याची सवयही हानिकारक आहे: कूलर हवेत बाष्प भरतो आणि एसीची बरीचशी शक्ती तेच बाष्प काढण्यात जाते.

क्षमतेचा विचार इथेच यावा. एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितक्या दराने उष्णता शोषेल तितका दर, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. साधारण शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि दीडशे-पावणेदोनशे फुटांना दीड टन हा ढोबळ हिशेब चालतो, पण गच्चीखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीची खोली असेल तर तो वाढवावा लागतो. गरजेपेक्षा फार मोठे यंत्र घेणेही चांगले नाही, विशेषतः कोकणात आणि मुंबईत: असे यंत्र हवा पटकन थंड करून थांबते, ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली थंड पण चिकट राहते. तापमान १६ अंशांवर लावल्याने एकाच वेगाचे यंत्र खोली लवकर थंड करत नाही. ते फक्त जास्त वेळ चालते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमानुसार २०२० पासून स्टार मानांकनाच्या एसीत सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवलेले असते, आणि प्रत्येक वाढवलेल्या अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्यूरो सांगतो. पावसाळ्यात ‘ड्राय’ पद्धतीने, पंख्याच्या मंद वेगावर यंत्र चालवले तर ओलावा जास्त निघतो. बहुतेक स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाहीत, हेही विसरू नये. बंद खोलीत तीन-चार माणसे झोपत असतील तर दार किंचित उघडे ठेवणे प्रकृतीच्या दृष्टीने आवश्यक आहे.

यांपैकी पुष्कळसे टाळण्याजोगे बिघाड बसवणीच्या दिवशीच ठरतात, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. आउटडोअरच्या मागे वीतभर आणि पुढे किमान तीन-चार फूट मोकळी जागा नसेल, ते शोभेच्या बंदिस्त जाळीत किंवा इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये इतर दहा युनिटांच्या गरम हवेत टांगलेले असेल, तर कितीही सर्व्हिस केली तरी ते तापणारच. त्यात कबुतरांनी घरटी केली की उरलेली वाटही बंद होते. नळ्या विनाकारण लांब किंवा तीव्र वळणाच्या नसाव्यात, दोन्ही नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टन अखंड असावे, आणि व्हॅक्यूम पंप आणला आहे का हे ग्राहकाने संकोच न करता विचारावे. वर्षाची सर्व्हिस गुढीपाडव्याच्या आधी, शक्यतो फेब्रुवारीतच करून घ्यावी. एप्रिल-मेमध्ये कारागिरांवर कामाचा इतका ताण असतो, की एका घराला अर्धा तासही नीट मिळत नाही. मुंबईत जिथे एसी बारमाही चालतो, तिथे ती तीन-चार महिन्यांनी हवी.

आणि आउटडोअरची जागा ठरवताना यंत्राइतकाच माणसाचा विचार व्हावा. सज्जा नसलेल्या खिडकीबाहेर, आठव्या-दहाव्या मजल्यावर, एका हाताने गजाला धरून दुसऱ्या हाताने नट आवळणारा कारागीर आपल्या शहरांत रोज दिसतो, आणि तोल जाऊन कारागिरांचे जीव गेल्याच्या बातम्याही दर उन्हाळ्यात येतात. ज्या युनिटपर्यंत सुरक्षितपणे पोचता येत नाही त्याची सफाई टाळली जाते किंवा घाईत उरकली जाते, म्हणजे नुकसान यंत्राचेही होते. घरमालकांनी आणि सोसायट्यांनी आउटडोअरसाठी उभे राहता येईल असा मजबूत ओटा आणि सुरक्षा-पट्टा अडकवण्यासाठी भिंतीत पक्का हूक करून घ्यावा, आणि पट्टा न लावता कोणालाही खिडकीबाहेर उतरू देऊ नये.